थोआनं लावलेलं पांढरं फूल

कुणी विचारलं, "काय गं थोआ, कशी आहेस?" की थोआ म्हणायची, "बरी आहे की. मला काय धाड भरलीय?"

पाठीत उसण भरलेली असली तरी हेच. ताप असला तरी हेच. ह्युए गावाच्या दक्षिणेला आमचा टेकाडाचा उतार आहे, तिथं घराघरांत उदबत्त्या वळतात, आणि त्या उतारावरच्या सगळ्या बायकांना थोआचं हे उत्तर पाठ झालं होतं. विहारात तिनं पंचशील घेतलेलं होतं. खोटं बोलायचं नाही हे त्यात आलंच. पण 'बरी आहे' हेही खोटंच झालं, असं तिच्या कधी डोक्यात आलं नाही. आपल्या तरी कुठं येतं म्हणा!

पन्नाशी उलटलेली बाई. लग्नाचं जमता जमता राहिलं, मग राहिलं ते राहिलंच. पुढच्या पडवीत बसून ती उदबत्त्या वळायची. दालचिनीची पूड आणि चिकट सालीचं पीठ मळायचं, गोळ्याचा तुकडा बांबूच्या काडीवर ठेवायचा, लाकडी फळीनं पुढं मागं फिरवायचा, की झाली उदबत्ती. बघणाऱ्याला गंमत वाटते. दिवसभर तेच करून बघा म्हणजे गंमत कळेल. खांद्यापासून मनगटापर्यंत हात असा भरून यायचा की रात्री भाताचा वाडगा उचलताना थरथरायचा.

आणि मागच्या खोलीत आई.

थोआच्या आईचा बाजारात आंबवलेल्या मासळीचा ठेला होता. बाई खमकी. एखादं गिऱ्हाईक भाव विचारून पुढं सरकलं तर त्याच्या पूर्वजांपासून सुरुवात करायची. सहा वर्षांमागं अर्धांगाचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली. शब्द जरा पसरट यायचे, पण धार तीच. पेज गरम असली की, "भाजून मारतेस का मला?" गार असली की, "शिळी दिलीस ना?" बेताची असली तर मीठ कमी.

हेही थोआनं सोसलं असतं. सोसायची सवय असते बायकांना, दुर्दैवानं. तिला लागायचं ते वेगळंच. रोज सकाळी ती आईला पुसायला, धुवायला घ्यायची, तेव्हा आई तोंड भिंतीकडे फिरवायची. एक शब्द नाही, एक नजर नाही. भिंतीवर काय होतं? काही नाही, पोपडे आलेला चुना. पण थोआचं काम संपेपर्यंत आई त्या चुन्याकडे बघत राहायची. थोआनं त्याचा अर्थ लावून टाकला होता: मी नकोशी आहे हिला. हात माझे लागतात, पण मी नको.

आणि मग विन्हचा फोन यायचा. विन्ह म्हणजे धाकटा भाऊ, सायगावला असतो. थोआ आईसमोर फोन धरून उभी राहायची आणि आईचं ते वाकडं तोंड फुलून यायचं. "जेवलास का रे माझ्या राजा? वाळलास किती! उन्हात हिंडू नकोस हं." विन्हही गोड, "आई, तुझी फार आठवण येते गं." फोन धरून थोआचा हात अवघडायचा. तिला जळायला व्हायचं. हो, जळायलाच. भावावर नाही, भावानं तिचं काय घोडं मारलं होतं? त्या शब्दांवर. सगळे गोड शब्द फोनमधून सायगावला जायचे, आणि घरी उरायचं मीठ कमी.

रविवारी दुपारी ती टेकाडाखालच्या विहारात जायची. तिथं सूको तिन्ह नावाच्या वयस्क भिक्षुणी होत्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. भिक्षुणीला आमच्याकडे सूकोच म्हणतात. सूको बायकांना गोळा करून बोलायच्या. प्रवचन कसलं, गप्पाच. "तुम्ही डोळ्यांनी माणूस बघता ना," त्या म्हणायच्या, "तो अर्धाच असतो गं. उरलेला अर्धा तुम्ही घरून बांधून आणलेला असतो. आणि मग भांडता कुणाशी? त्या बांधून आणलेल्याशी!" बोलण्याबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं. तोंड उघडण्याआधी बघा, खरं आहे का, वेळ बरी आहे का, ऐकणाऱ्याच्या काही कामाचं आहे का, आणि आपल्या मनात माया आहे का. नसेल तर गप्प बसा.

"अगं बाई, मग दिवसभर बोलायचं तरी काय, सूको?" एकदा बुओमकाकूंनी विचारलं होतं, आणि सूकोंसकट सगळ्या हसल्या होत्या. बुओमकाकू थोआच्या शेजारच्या. मनानं लोणी, पण बातमी पोटात राहिली तर त्यांचं पोट दुखायचं.

थोआ या सगळ्याला मान डोलवायची. खरं सांगायचं तर ती तिथं टेकायला जायची. खांबाला पाठ लावायची, डोळे अर्धे मिटायची, तेवढा वेळ कुणी काही मागायचं नाही. ध्यान म्हणा हवं तर.

त्या वर्षी सातव्या महिन्यातली पौर्णिमा आली, आईवडिलांची पौर्णिमा. त्या दिवशी विहाराच्या दारात फुलांची दोन तबकं ठेवतात. ज्याची आई हयात आहे त्यानं छातीवर लाल गुलाब लावायचा, ज्याची आई गेली त्यानं पांढरा. लहान असो, म्हातारा असो, फुलाशिवाय आत कुणी बसत नाही. थोआ दर वर्षी दोन फुलं घ्यायची. लाल आपल्याला, आणि पांढरं केळीच्या पानात गुंडाळून घरी आईसाठी, कारण आईची आई लढाईच्या काळातच गेली होती. घरी आली की ते पांढरं फूल आईच्या सदऱ्याला लावायची. त्यावरही आई एकदा म्हणाली होती, "सुकलेलं आणलंस."

त्या दिवशी पहाटेच आईचं पोट बिघडलं. थोआनं तिला साफ केलं, चादर बदलली, आधीची धुवून टाकली, हात कोरडे करते न करते तोच परत हाक. परत तेच. खोलीत उकाडा, वारा नाही, वास. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. दुसरी चादर आईच्या अंगाखालून ओढून काढताना थोआची कंबर अशी काही लचकली की डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं: आता ने रे बाबा कुणीतरी हिला. सोडव एकदाचं.

आलं आणि गेलं. तिनं चादर धुतली, आईला पेज भरवली, करडा झगा अंगात घातला आणि धावत पळत विहारात पोचली. कारण त्या वर्षी फुलं लावायच्या कामाला सूकोंनी तिलाच उभी केली होती.

सूकोंची ताकीद होती, सुरकुत्या बघून ठरवू नका, हलक्या आवाजात विचारा. मग थोआ प्रत्येकाला विचारत होती, "आई आहे?" शाळेतली मुलं ओरडून सांगायची, "आहे!" एक सत्तरीचा म्हातारा लाजत म्हणाला, "आहे. अजून रागावते." त्याला लाल लावताना थोआला हसू आलं. एक दाढी वाढलेला तरुण आला, सवयीनं लाल तबकाकडे हात नेला, मधेच थांबला आणि पांढऱ्याकडे वळवला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

घंटा झाली, सगळे आत निघाले, आणि थोआचं स्वतःचं फूल राहिलंच होतं. तिनं दोन्ही तबकांतून एकेक उचललं, एक छातीवर टाचलं, एक पानात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि जाऊन मागच्या खांबाशी बसली. सूत्रपठण सुरू झालं. पठण चालू असताना आमच्याकडे कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नाही, हा नियमच आहे. सगळे एका सुरात म्हणत होते, आईनं ओल्यात निजून मला कोरड्यात निजवलं, अशा अर्थाचं काहीतरी, आणि थोआच्या पापण्या मिटत होत्या. त्या झोपेला भक्ती समजून कुणीतरी तिच्याकडे कौतुकानं बघितलंही असेल.

बुओमकाकूंनी बघितलं ते वेगळं. त्या दोन रांगा पुढं बसल्या होत्या. गुडघा दुखला म्हणून जरा वळल्या, तर मागं खांबाला टेकलेली थोआ, डोळे मिटलेले, चेहरा उतरलेला, आणि छातीवर पांढरं फूल.

बुओमकाकूंच्या काळजात चर्र झालं. म्हातारी गेली! पहाटे थोआच्या घरातून पाण्याचा, आदळआपटीचा आवाज आलाच होता. म्हणजे तेव्हाच. आणि ही वेडी कुणाला न सांगता, आईचं नाव पठणात वाचायला द्यायला इथं येऊन बसलीय. थोआचा स्वभावच तसा, विचारलं असतं तर म्हणाली असती, बरी आहे की. काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या. विचारावं तर पठण चाललेलं. नियमच आडवा आला, नाहीतर दोन शब्दांत उलगडा झाला असता. त्या हळूच उठल्या, चपला शोधल्या आणि स्कूटर काढून उतार चढल्या.

पठण संपलं. लोक ओसरीवर आले, चहा सुरू झाला. सूको तिन्ह थोआसमोर येऊन थांबल्या. चष्म्यातून तिच्या छातीकडे बघत राहिल्या. मग तिचा हात हातात घेतला.

"थोआ, आई कधी गेली गं?"

"कुठं गेली?" थोआ म्हणाली. "घरी आहे की."

सूकोंनी बोटानं फूल दाखवलं. थोआनं मान खाली घालून बघितलं.

पायाखालची जमीन सरकली तिच्या. पांढरं. जिवंत आईच्या लेकीच्या छातीवर पांढरं. यापेक्षा अभद्र काय असतं? दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर थोआनंच कानांवर हात ठेवले असते. तिनं तोंड उघडलं, घाईत चुकलं हो सूको, असं म्हणायला. वाक्य जिभेवर तयार होतं. आणि तिथंच अडकलं. पहाटेची चादर आठवली.

"चुकून..." ती म्हणाली आणि थांबली. "माहीत नाही, सूको. हात चुकला की मी... मला माहीत नाही हो."

"बरं," सूको म्हणाल्या. "माहीत नाही तर माहीत नाही. पण हे बोललीस ते खरं बोललीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी तुझ्या तोंडून काहीतरी."

"मी पापीण आहे."

"ते नंतर ठरवू. तू थकलेली आहेस एवढं मला दिसतंय, आणि माझा चष्माही धड नाहीये." मग त्यांचा आवाज बदलला. "आता घरी पळ. बुओम पठणातून उठून रडत गेली मघाशी. मला वाटतं, तिनंही तुझं फूल बघितलं."

थोआ पळाली. पन्नाशीची बाई, लचकलेली कंबर, करडा झगा पायात अडकतोय, चढ संपता संपत नाही. वाटेत नारळपाणीवाल्यानं तिला बघून टोपी काढली आणि म्हणाला, "धीर धर, थोआताई. सोनं झालं म्हातारीचं." तिनं पळता पळता फूल ओढायला बघितलं. उदबत्तीच्या पिठानं फुटलेली बोटं, टाचणी काही निघेना, बोटात मात्र घुसली. तिनं नाद सोडला. आईनं काय काय ऐकलं असेल, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. शेजारपाजाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणोत. पण फुलाचं आईच्या कानावर आधी दुसऱ्याच्या तोंडून जायला नको होतं.

दारात चपलांचा ढीग. पडवीतल्या ओल्या काड्या कुणीतरी बाजूला सारून जागा केलेली. पुढच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उतारावरच्या चार बायका खाली मान घालून बसल्या होत्या, उदबत्त्या पेटवलेल्या, फळांची ताटं मांडलेली. घरचं माणूस आल्याशिवाय मृताच्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही, म्हणून त्या थोआची वाट बघत होत्या. आणि वाट बघता बघता बोलत होत्या. थोआ उंबऱ्याशी थबकली.

"सुटली बिचारी थोआ," एकजण म्हणाली.

"सुटली म्हणजे! काय जीव काढला म्हातारीनं पोरीचा. गड्यासारखी राबवली."

"मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," बुओमकाकू नाक पुसत म्हणाल्या, "पण तोंड फार घाण हो. माझ्या कालवणाला एकदा गटार म्हणाली होती."

"आता निदान झोपेल तरी पोरगी."

"गटारच होतं ते!" मागच्या खोलीतून आवाज आला.

काय सांगू तुम्हाला! एक बाई ताटावरच कलंडली, संत्री घरभर घरंगळली. दुसरीनं बुद्धाचं नाव घ्यायला सुरुवात केली ती थांबेना. बुओमकाकूंच्या तोंडाचा आ वासलेला तसाच राहिला.

"कोण मेलंय गं?" आतून परत आवाज आला, पसरट, पण खणखणीत. "मी का? मला कुणी सांगितलं नाही ते!"

"तुम्ही... अहो, तुम्ही जिवंत आहात?" बुओमकाकू कशाबशा म्हणाल्या.

"तुझी काही हरकत?"

काकूंच्या हातात केळ्यांची फणी होती. मेलेल्याच्या पोटावर केळी ठेवतात आमच्याकडे. त्या फणीसकट त्या आतल्या दारापर्यंत गेल्या, म्हातारीला डोळे उघडून बघताना बघितलं आणि भोकाड पसरलं. आनंदानं, लाजेनं, भीतीनं, सगळ्यानंच.

"रडू नकोस, केळी इकडे दे," म्हातारी म्हणाली. "पोटावर ठेवायला आणलीस ना? मी पोटात घालते. मेल्यावर कोण सोलून देणार आहे मला?"

बायका चपला न बघता पळाल्या. दोघींच्या चपलांची अदलाबदल झाली, ती दुसऱ्या दिवशी निस्तरली. बुओमकाकूंनी जाताना थोआचा दंड धरला, दाबला आणि सोडला.

मग घरात दोघीच उरल्या. पुढं उदबत्त्यांचा धूर, मागं आई.

थोआ आतल्या दारात उभी राहिली. छातीवर ते फूल. आईची नजर फुलावर गेली आणि तिथंच थांबली. आता चेष्टा संपली होती. म्हातारीच्या हातात केळं होतं, ते तिनं उशाशी ठेवून दिलं.

थोआला वाटलं, म्हणून टाकावं. घाई होती, उकाडा होता, हात चुकला. कुणालाही पटलं असतं. कदाचित खरंही होतं ते. आईनं चार शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं. आणि खरं सांगितलं तर? ज्या बाईला आपण भरवतो, पुसतो, तिच्या तोंडावर सांगायचं की तू जावीस असं मला वाटलं? मग उद्यापासून ही बाई माझ्या हातचा घास कशी गिळेल? प्रत्येक घासाला तिला वाटणार, ही माझ्या मरणाची वाट बघतेय. या घरात काही उरलं होतं ते तेवढंच, तिचा घास आणि थोआचा हात. तेही जायचं.

पण खोटं बोलायचीही ताकद राहिली नव्हती. त्यालाही बळ लागतं.

"आई," ती म्हणाली, "हात चुकून लागलं असेल फूल. पण पहाटे... दुसऱ्यांदा चादर काढताना माझ्या मनात आलं, की तू... की कुणीतरी आता तुला न्यावं."

तिनं डोळे मिटून घेतले. शिव्यांची वाट बघत राहिली.

"मनात?" आई म्हणाली. "मनात कसलं? मोठ्यानं म्हणालीस की."

थोआनं डोळे उघडले.

"ने रे बाबा कुणीतरी हिला, सोडव एकदाचं. अशी म्हणालीस. माझे कान नाही गेले अजून."

थोआ खाली जमिनीवरच बसली. ते शब्द तोंडातून बाहेर पडले होते, आणि आपल्याला पत्ताही नाही! आणि हे ऐकून आईनं मुकाट्यानं पेज खाल्ली होती. मीठ कमी आहे, एवढंच म्हणाली होती.

"मग तू काहीच का नाही बोललीस?"

"काय बोलणार? मी पण तेच म्हणत होते." आई छताकडे बघत बोलत होती. तिला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "रोज म्हणते. तू धुवायला घेतेस तेव्हा. भिंतीकडे तोंड करून म्हणते, ने आता मला, पोरीला सोडव. तुझ्याकडे बघून म्हणवत नाही. लाज वाटते गं. आईनं पोरीचं धुवायचं असतं."

थोआला सूकोंचं ते घरून बांधून आणलेल्या अर्ध्या माणसाचं बोलणं आठवलं असेल का? नाही बुवा. तिला काही आठवलं नाही. तिला एवढंच कळलं की सहा वर्षं ती त्या भिंतीवर रुसली होती, आणि आईसुद्धा तिकडे तोंड करून तिच्याच सुटकेचं मागणं मागत होती. तिला हसूही येईना, रडूही येईना.

"कुणी ऐकत मात्र नाही मेलं," आई म्हणाली. मग हळूच, "थकलीस ना?"

हे या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. 'बरी आहे की' इथंही सवयीनं जिभेवर आलं.

"थकले, आई," थोआ म्हणाली. "फार थकले. मला तुझा राग येतो. विन्हशी गोड बोलतेस त्याचा येतो. पाठ दुखते. मला झोप हवी आहे, दुसरं काही नको."

"विन्हशी गोड बोलते, कारण तो फोन ठेवून देईल," आई म्हणाली. "तू कुठं जाणारेस?"

हे काही गोड नव्हतं. न्यायाचं तर अजिबात नव्हतं. थोआला राग आला, आणि रागाबरोबर हेही कळलं की आई आयुष्यात पहिल्यांदा आपल्याशी सरळ बोलली.

"बघतेस काय? झोप," आई म्हणाली. "तिथंच पड. चटई घे ती."

"काड्या वाळत घालायच्यात. तुझं दुपारचं..."

"मी मेलेय आज. मेल्या माणसाला काही लागत नाही. पड म्हणते ना!"

थोआ पडली. पलंगाशेजारी, चटईवर, झगा न बदलता. टाचणी टोचत होती, ती आता सहज निघाली. फूल तिनं बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या क्षणी तिला झोप लागली. अशी झोप की स्वप्नही पडलं नाही. दुपारी बुओमकाकू चपला बदलायच्या निमित्तानं येऊन डोकावल्या, तर म्हातारीनं उजवा हात उचलून त्यांना गप्प राहायची खूण केली. काकू गप्प राहिल्या आणि तशाच परत गेल्या. आता याला चमत्कार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं!

थोआ जागी झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. क्षणभर तिला उमगेना, सकाळ की संध्याकाळ. बाहेर मुलं कागदी कंदील घेऊन ओरडत होती. पाठ हलकी वाटत होती. कितीतरी वर्षांनी वाटत होती. मग तिला वास आला.

ती धडपडून उठली. आईच्या अंगाखाली हात घातला. चादर ओलीचिंब होती, आणि गार. खालची गादीसुद्धा पार भिजलेली. आईचे पाय गारठले होते, आणि धड असलेला उजवा हात तिनं पोटाशी घट्ट धरून ठेवला होता.

"आई! कधीपासून आहेस अशी?"

"दुपारपासून."

"दुपारपासून? अगं, मग हाक मारायची की मला!"

"झोपली होतीस तू," आई म्हणाली.

थोआ ओली चादर हातात धरून तिथंच उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. हुंदक्यांनी, नाक वाहेपर्यंत, लहान पोरीसारखं. आई तिच्याकडे बघत होती.

"रडतेस काय," ती म्हणाली. "थंडी वाजतेय मला. आधी चादर बदल."